आत लाकूड, बाहेर दगड, वर माळवद: असा जुना वाडा भूकंपात टिकेल का?

तुमचा प्रश्न एकदा माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. धाराशिव जिल्ह्यात तुमचा शंभरएक वर्षांचा वाडा आहे. दगडमातीच्या अडीच फुटी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळवट (खांबांवरची जाड आडवी तुळई), वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, ढेलजेवर (दाराजवळच्या ओसरीवर) एक माडी. गावातला इंजिनिअर म्हणतो पाडा आणि आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचं घर) करा. काका म्हणतात किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी आपल्या वाड्याचा एक दगड हलला नाही. आणि तुम्ही मधे काश्मीरच्या लाकडी घरांचा एक व्हिडिओ बघितलात, त्यात सांगितलंय की लाकडी सांगाड्याची जुनी घरं भूकंपात काँक्रीटपेक्षा भारी टिकतात. आता पैसे घालायचे तर कशात घालायचे, हा प्रश्न.

मी जुन्या इमारती दुरुस्त करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, बरंचसं काम मराठवाडा आणि सोलापूर-बार्शी पट्ट्यातच झालंय. वाडा न बघता राहा किंवा पाडा असं कोणीही सांगितलं तर ऐकू नका, मी सांगितलं तरी. खाली मुरूम आहे का काळी माती, भिंत कशी रचलीय, लाकूड साग आहे का बाभूळ आणि त्याची बुडं शाबूत आहेत का, माळवदावर माती किती चढलीय, मधल्या पिढीनं काय तोडफोड केलीय, एवढ्या गोष्टींवर उत्तर बदलतं. पण कुठे बघायचं आणि कोणत्या क्रमानं पैसे घालायचे हे सांगता येतं, आणि बहुतेक लोक नेमका तो क्रमच चुकवतात.

तुमचं सगळं लक्ष लाकडावर आहे. मला तुमच्या प्रश्नात भिंतीची जास्त काळजी वाटते. घरात लाकूड आहे एवढ्यावरून भूकंपाबद्दल काहीच ठरत नाही, ते लाकूड भिंतीला धरून आहे का आणि भिंत स्वतःला धरून आहे का हे बघावं लागतं. मराठवाड्याच्या वाड्यात या दोन्हीचं उत्तर बऱ्याचदा नाही असं येतं.

किल्लारीपासूनच सुरू करू, कारण तुमचे काका तिचाच दाखला देतायत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक घरात गाढ झोपलेले. भूकंप ६.२ चा, म्हणजे जगाच्या मानानं मध्यम, पण अगदी उथळ. जवळपास आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात तो सगळा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमधे होता (२००२ च्या नकाशात तो झोन तीनमधे टाकला). नंतर पाहणी करणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी दिसलं ते असं की चारी बाजूंच्या भिंती ढासळलेल्या आणि मधे लाकडी खांब, तुळवट आणि त्यावरचं मातीचं छत तसंच उभं. जिथे छत थेट भिंतीवर टेकलेलं होतं तिथे भिंत गेली की छत गेलं, सगळंच जमीनदोस्त. म्हणजे लाकडानं आपलं काम केलं होतं, छत खाली येऊ दिलं नाही. पण माणसं भिंतीच्या दगडाखाली गेली, आणि अरुंद बोळ दोन्हीकडच्या दगडांनी भरले त्यामुळे बाहेर पडणारेही अडकले. आणि गावातल्या गरिबांच्या कुडाच्या, पाचटाच्या झोपड्यांना फारसं काही झालं नाही. वजनच नाही तर पडणार काय.

आता काकांचा मुद्दा. सगळ्यात वाईट नुकसान किल्लारीच्या आसपासच्या पंधराएक किलोमीटरच्या पट्ट्यात झालं. भूकंप उथळ असला की केंद्राजवळ फार जोरात हादरतं आणि लांब जाताना जोर पटकन ओसरतो. तुमचं गाव त्या पट्ट्याबाहेर असेल तर वाड्याची परीक्षा झालीच नाही असं समजा. शिवाय तेव्हापासून तीसहून जास्त पावसाळे गेलेत. तेव्हाचं लाकूड आणि आत्ताचं लाकूड एक नाही. काकांना दुखवू नका, पण त्यांच्या वाक्यावर पैशाचा निर्णय घेऊ नका.

भिंत का ढासळते ते समजून घ्या, कारण दुरुस्ती सगळी त्यावरच उभी आहे. अडीच फुटाची भिंत बघून आपल्याला वाटतं केवढी भक्कम, तोफेला दाद देणार नाही. खरं तर ती एक भिंत नसतेच, दोन असतात. बाहेरचा दगडाचा पदर वेगळा, आतला वेगळा, आणि मधे खांडक्या, चिपा आणि चिखल भरलेला. पूर्वीचा चांगला गवंडी मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड टाकायचा, ज्याला आता सगळे थ्रू स्टोन म्हणतात, त्यानं दोन्ही पदर एकमेकांना बांधले जायचे. पण लांब दगड मिळवायचा म्हणजे खर्च आणि मेहनत, त्यामुळे बऱ्याच भिंतीत तो नाहीच, निदान जोत्याच्या वर नाही. हादरे बसले की मधला भराव खाली बसतो, दोन्ही पदरांना बाहेर ढकलतो, भिंतीला पोट सुटतं आणि एक पदर फुटून पडतो, उरलेला एकटा उभा राहू शकत नाही. त्यात देवळ्या, भिंतीतली बळदं (धान्य साठवायच्या पोकळ्या), नंतर फोडलेल्या खिडक्या असतात, तिथे भिंत आधीच पोकळ झालेली. कोपऱ्यात दोन भिंतींचे दगड एकमेकात गुंतवलेले नसतील तर कोपरा वरपासून खालपर्यंत उकलतो.

आणि लाकूड? ते आपल्याकडे बसवलंय ते वजन खाली पोचवण्यासाठी. खांब तळखड्यावर (बुडाखालच्या दगडावर) नुसता ठेवलेला, वर उशी (खांबाच्या डोक्यावरचं आडवं लाकूड), उशीवर तुळवट, तुळवटावर सर (बारीक तुळया), त्यावर किलचन (फळ्यांचा थर) आणि माती. जोड सगळे कूस आणि खाचेचे, वजनानं दाबून बसलेले. वरून खाली काम उत्तम, पण आडव्या धक्क्याला रोखायला तिरकं लाकूड कुठेच नाही. सुताच्या बाजेचे सांधे ढिले झाले की ती कशी कलते, पाय मोडत नाहीत पण सगळी चौकट तिरकी होते, तसं या फ्रेमचं होतं. इतकी वर्षं ती उभी आहे कारण बाजूच्या जाड भिंती तिला हलू देत नाहीत. म्हणजे फ्रेम भिंतीच्या आधारावर आणि भिंतीला कोणाचाच आधार नाही. भूकंपात फ्रेम एका तालात हलते, भिंत दुसऱ्या, दोघं एकमेकांना धडका देतात आणि जड पण सुटी असलेली भिंत आधी जाते.

काश्मीरच्या व्हिडिओतलं खोटं नाहीये, फक्त ते घर वेगळं आहे. तिथल्या धज्जी देवारीत भिंत जेमतेम चार-सहा इंचाची, लाकडाच्या चौकटीचे छोटे छोटे चौकोन, त्यात तिरकी लाकडं आणि मधे विटा किंवा छोटे दगड मातीत बसवलेले. भिंत म्हणजेच फ्रेम. हादरा बसला की शेकडो छोट्या फटीत घर्षण होतं, माती थोडी सांडते, प्लास्टर फुटतं, पण मोठा तुकडा सुटत नाही, कारण मोठा तुकडा नाहीच. दुसरी पद्धत ताक, तिच्यात भिंत जाड असते पण प्रत्येक मजल्याच्या पातळीला भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आडव्या लाकडांच्या ओळी घालून त्या आडव्या तुकड्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे भिंतीचे पदर वेगळे होऊ शकत नाहीत. ८ ऑक्टोबर २००५ च्या ७.६ च्या भूकंपात ही दोन्ही प्रकारची घरं साध्या दगडी घरांपेक्षा पुष्कळ बरी राहिली, आणि पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधे नंतर घरं परत बांधताना तिथल्या सरकारनं धज्जीला अधिकृत मान्यता दिली. तुर्कस्तानातही तेच, १७ ऑगस्ट १९९९ ला गोल्जुक, अडापाझारी भागात जुनी हिमिश घरं (लाकडी चौकटीत विटा-दगड भरलेली) उभी आणि शेजारच्या नव्या बहुमजली काँक्रीटच्या इमारती एकावर एक बसलेल्या. लिस्बनला तर १७५५ च्या भूकंपानंतर शहर उभारताना मुद्दाम भिंतीच्या आत तिरक्या लाकडांचा पिंजरा घालायची पद्धत काढली. तीनही ठिकाणी भिंत लाकडात गुंतलेली आहे. लिस्बनला आणि धज्जीत तिरकं लाकूड ठळक आहे, ताकमधे ते नाही पण भिंत आडवी बांधलेली आहे. तुमच्या वाड्यात दोन्ही नाही.

पुण्या-वाईकडच्या वाड्यांचे वरचे मजले या प्रकाराच्या जरा जवळ जातात, खांबांच्या मधे पातळ विटा भरलेल्या असतात, तिथलं दुखणं वेगळं (रस्त्याकडचे खांब काढून गाळे पाडलेले). तो विषय मोठा आहे, इथे नको.

थोडं गणित करू, कारण आकडे बघितल्यावर क्रम आपोआप समजतो. दहा बाय बाराची खोली धरा. माळवदाची माती दीड फूट असेल, आणि जुन्या वाड्यात ती असतेच कारण दर दोन-चार वर्षांनी गळतं म्हणून पांढऱ्या मातीचा अजून एक थर, जुना कोणी काढत नाही, तर नुसत्या मातीचं वजन साडेआठ टनाच्या आसपास जातं. तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर साडेतीन टन. आता त्या खोलीची एक बारा फुटी भिंत घ्या, अडीच फूट जाड, दहा फूट उंच, ती एकटीच अठरा टन. एक भिंत! भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात येतो. भूकंपाच्या २०१६ च्या भारतीय कोडप्रमाणे झोन तीनमधे, अशा ठिसूळ बांधकामाला, डिझाइनसाठी वजनाच्या साधारण १३ टक्के जोर धरतात. म्हणजे छताला टनभराहून थोडा जास्त आणि त्या एका भिंतीला सव्वादोन-अडीच टन, तोही आडवा, आणि खरा धक्का यापेक्षा जास्त असू शकतो. चार खांबांच्या, ब्रेस (तिरका आधार) नसलेल्या फ्रेमला छताचाच टनभर जोर झेपायची मारामार, ती भिंतीला काय धरणार.

तर आधी तपासणी. हे तुम्ही स्वतः करू शकता, इंजिनिअर बोलवायच्या आधी केलंत तर त्याचाही वेळ वाचेल.

खांबाच्या बुडाला आणि तुळवटाचं टोक भिंतीत घुसतं तिथे, या दोन जागी जाड स्क्रू ड्रायव्हर किंवा सुताराची पटाशी दाबून बघा. चांगल्या सागात ती अर्धा सेंटीमीटरही जात नाही. सहज आत गेली, किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आतून कुजलंय किंवा वाळवीनं खाल्लंय. बाहेरून रंगवलेलं, तुकतुकीत दिसणारं लाकूड आतून भुसा झालेलं मी पुष्कळ बघितलंय, ऑइलपेंटनं तर ओल आतच कोंडते. अर्धा भिंतीत पुरलेला खांब असेल तर एका ठिकाणी प्लास्टर फोडून मागची बाजू बघाच. न्हाणी, मोरी, पन्हळ जिथे असेल तिथले खांब सगळ्यात आधी.

मग भिंत. ओळंबा लावून दर चार-पाच फुटांवर मोजा, पोट कुठे आलंय ते कागदावर लिहून ठेवा. कोपऱ्यात उभी भेग आहे का, भिंत आणि खांब यांच्यामधे फट पडलीय का. भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते असं असेल तर खाली काळी माती आहे, ते दुखणं पायाचं आहे आणि त्याचा इलाज वेगळा. थ्रू स्टोन आहेत का हे कळायला वाड्याचाच पडका भाग, गोठा किंवा परसाची भिंत बघा, त्याच काळातल्या त्याच गवंड्यांनी बांधलेली असते, पडलेल्या ठिकाणी भिंतीचं पोट उघडं दिसतं. माळवदावर एका कोपऱ्यात खड्डा घेऊन मातीची जाडी मोजा. आणि मधल्या काळात कोणी खांब काढलाय का, भिंत फोडून शटर बसवलंय का, एखाद्या खोलीवर स्लॅब टाकलाय का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आता दुरुस्तीचा क्रम, माझ्या अनुभवातून. पहिलं पाणी. गळती, पन्हळ, मोरी, भिंतीला लागून साचणारं पाणी. हे न थांबवता बाकी काहीही केलं तरी पैसे वाया.

दुसरं वजन. माळवदावरचा दगडी किंवा विटांचा कठडा असेल तर तो काढा, बोळात पहिला तो पडतो. मग माती सहा-आठ इंचांवर आणा, खाली प्लास्टिकचा जाड कागद किंवा वॉटरप्रूफिंगचा थर द्या म्हणजे परत दर वर्षी माती चढवावी लागणार नाही. सहा इंचांवर आणलीत तर वरच्या हिशोबातले साडेआठ टन पावणेतीनवर येतात. सगळी माती काढून पत्रे टाकू नका. एकतर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहणं काय असतं ते तुम्हाला माहिती आहे, आणि दुसरं म्हणजे तुमचे खांब-तुळवट एकमेकांवर वजनानं दाबून बसलेत, सगळं वजन काढलंत तर जोड सैल होतील आणि वादळात पत्रा फ्रेमसकट उचलायला बघेल. हलकं छत करायचंच असेल तर प्रत्येक जोड आधी पट्टी-बोल्टनं बांधावा लागेल. माती काढताना एका बाजूनं उकरत जाऊ नका, दोन्हीकडून सारखी काढा.

तिसरं, लाकूड. कुजलेलं बूड कापून खाली नवीन सागाचा तुकडा सांधता येतो, तिरका लांब जोड घेऊन बोल्टनं आवळायचा, त्यासाठी अख्खा खांब बदलायची गरज नसते. हे करताना तुळवटाखाली लोखंडी प्रॉप आणि जॅक पाहिजेत आणि एका वेळी एकच खांब. तळखडा काढून खांबाचं बूड काँक्रीटमधे गाडायचा मोह अजिबात नको. तळखडा लाकडाला ओलीपासून वाचवतो, काँक्रीटमधे ओल धरून बूड काही वर्षात सडेल. खांब घसरू नये म्हणून तळखड्याला लोखंडी पट्टीचा कोन लावला की पुरतं.

चौथं, आणि तुमच्या प्रश्नातलं लाकूड खऱ्या अर्थानं कामाला लागतं ते इथे: ब्रेस. खांब आणि तुळवट यांच्या कोपऱ्यात दोन-अडीच फुटांचे तिरके तुकडे, साधारण ४५ अंशात, दोन्ही दिशांना. सागाचे किंवा लोखंडी अँगलचे, पण बोल्टनं, खिळ्यांनी नाही, खिळे दोन हादऱ्यात उपटतात. खांबात खोल खाच घेऊ नका, ज्याला बळ द्यायचं त्यालाच पोखरल्यासारखं होतं. त्याबरोबर छताच्या खालून सरांना तिरक्या लोखंडी पट्ट्या मारून घ्या, म्हणजे सगळे खण (दोन खांबांमधले भाग) एकत्र हलतील, एक इकडे एक तिकडे होणार नाही. बैठकीत किंवा माजघरात ब्रेस दिसतात, घरातले कुरकुर करतात, नीट रंधून नक्षीच्या उशीला शोभतील असे केले तर डोळ्याला खुपत नाहीत.

पाचवं, भिंत शिवणं. जुन्या भिंतीत नवीन थ्रू स्टोन घालता येतो. भिंतीतून हातानं, हळूहळू दगड मोकळे करून आरपार भोक करायचं, दोन्ही तोंडांना थोडं रुंद आणि मधे अरुंद, त्यात दोन्ही टोकांना हूक केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. दर मीटरभरावर, वरच्या ओळीतले खालच्या दोघांच्या मधे येतील असे आलटून पालटून. ब्रेकर मशीन लावू नका, त्याच्या हादऱ्यानं मधला भराव सुटतो. एका दिवशी एका भिंतीत ओळीनं सगळी भोकंही नकोत. किल्लारीनंतर भूकंपग्रस्त भागात मजबुतीकरणासाठी हा उपाय गवंड्यांना शिकवला गेला होता, तुमच्याकडे साठीच्या पुढचा एखादा गवंडी असेल तर त्याला माहीत असण्याची शक्यता आहे, विचारून बघा. माझ्या मते एवढ्या कमी खर्चात एवढा जीव वाचवणारा दुसरा उपाय दगडी भिंतीला नाही, आणि लोक नेमका हाच वगळतात कारण तो काम झाल्यावर दिसत नाही.

सहावं, पट्टा. दारांच्या माथ्यावर आणि छताच्या खाली, भिंतीच्या आतून आणि बाहेरून, फूटभर रुंदीचा जाळी आणि सिमेंट प्लास्टरचा सलग पट्टा, दोन्ही बाजू सळयांनी आरपार बांधलेल्या, कोपऱ्यात न तुटणारा. वाड्याचा दर्शनी दगड घडीव असेल आणि झाकायचा नसेल तर बाहेरून लोखंडी पट्टी वापरता येते, ते डिझाइन करावं लागतं. हा पट्टा झाल्यावर मगच भिंत फ्रेमला छताच्या पातळीवर लोखंडी पट्ट्यांनी बांधायची. या मुद्द्यावर इंजिनिअर लोकात मतभेद आहेत, काही जण म्हणतात बांधूच नका, मधे फट ठेवा. माझं मत, सुटी भिंत बांधली तर ती फ्रेमला घेऊन पडेल हे खरं, पण शिवलेली भिंत न बांधता एकटी उभी ठेवण्यापेक्षा बांधलेली बरी. म्हणून क्रम महत्त्वाचा, ब्रेस आणि थ्रू स्टोन आधी, बांधणं नंतर. ढेलजेवरच्या माडीची दगडी भिंत मात्र मी शक्यतो ठेवत नाही, ती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत उतरवून वर लाकडी चौकटीत विटा भरून हलकी करून घेतो. आयएस ४३२६ या भारतीय मानकात अशा लाकूड-वीट बांधकामाचे नियम दिलेले आहेत, तिरक्या लाकडासकट.

काय करू नका ते पटकन: दगडमातीच्या भिंतीवर स्लॅब टाकणं (याहून वाईट काही नाही), दोन-चार ठिकाणी मधेच आरसीसी कॉलम उभे करणं, मातीच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत सिमेंट प्लास्टर करून ओल कोंडणं, फक्त एकाच बाजूनं जाळी मारणं.

हे सगळं एका वर्षात जमणार नसेल तर निदान झोपायच्या जागा आजच बदला. बाहेरच्या दगडी भिंतीला लागून पलंग नको, फ्रेमच्या मधल्या खणात झोपा, डोक्यावर फळी आणि फळीवर पितळी भांडी नकोत. किल्लारीचा भूकंप पहाटे झाला, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा पण पहाटेच.

इंजिनिअरच्या सल्ल्याबद्दल. नवीन आरसीसी घर नीट बांधलं तर तुमच्या आत्ताच्या वाड्यापेक्षा सुरक्षित असेल यात वाद नाही. पण त्या 'नीट' शब्दात रिंगांचं अंतर, रिंगांचे हूक, कॉलम-बीमचे जोड, काँक्रीटचं पाणी, सगळं येतं, आणि गावात ठेकेदार ते करतो का हे तुम्हीच बघा. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या, खाली पार्किंगसाठी मोकळे सोडलेले मजले बसले, आणि जुन्या शहरातली पोळांमधली (दाट वस्तीच्या जुन्या मोहल्ल्यांतली) लाकूड-विटांची कितीतरी घरं राहिली. त्यामुळे त्याला विचारा की पाडायचं कशामुळे, खांब कुजले म्हणून, भिंतीनं पोट काढलं म्हणून, की जुनं आहे म्हणून? पहिल्या दोनला मोजमाप मागा. तिसरं कारण असेल तर दुसरा इंजिनिअर बघा, आणि त्याला आयएस १३९३५ आणि आयएस १३८२८ माहीत आहेत का ते विचारा, पहिलं जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचं आहे, दुसरं दगडमातीसारख्या कमी ताकदीच्या बांधकामाचं.

मी पण काही वेळा पाडाच म्हणतो. निम्म्याहून जास्त खांबांची बुडं गेलेली असतील, भिंत गोल गोट्यांची असेल आणि बऱ्याच लांबीत पोट आलेलं असेल, किंवा वाड्यात वर्षातून आठ दिवस कोणी येत असेल आणि माळवद बघणारं कोणी नसेल, तर मजबुतीकरण करून काही उपयोग नाही, ते पाच पावसाळ्यात परत तिथेच येतं. वाटण्या झालेल्या नसतील तर त्याआधी सगळ्या भावकीची लेखी संमती घ्या, अर्ध्या वाड्याचं मजबुतीकरण हा प्रकार नसतो, फ्रेम सगळ्यांची एकच असते. आणि पाडायचं ठरलंच तर लाकूड जळणाच्या भावात देऊ नका, जुन्या सागाला चांगलं गिऱ्हाईक आहे, त्यातलंच काही नवीन घराच्या आतल्या पार्टिशनला वापरता येतं.

फोटो पाठवणार असाल तर दर्शनी भागाचे सुंदर फोटो नकोत. प्रत्येक खांबाचं बूड, तुळवट भिंतीत जातं ती जागा, बाहेरच्या चारही कोपऱ्यांचा वरपासून खालपर्यंत एकेक, पडक्या भिंतीचं पोट, आणि माळवदावरच्या खड्ड्यात टेप धरून एक. सोबत हातानं काढलेला खणांचा नकाशा, मापं फुटात चालतील. आणि वेळेचं बघा, माळवद उघडायचं काम संक्रांतीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत परत झाकलेलं पाहिजे, त्यामुळे सुतार आणि गवंडी दिवाळीतच बोलून ठेवा, नंतर ते ऊसतोडीला नाहीतर पुण्याला गेलेले असतात.